न ऐकलेल्या प्रश्नाला दिलेला होकार

आक्काच्या घरून फोन आला की मी सवयीनं ओरडूनच बोलायचो. दीड महिन्यापूर्वी सकाळी आमच्या मंचरच्या घरी फोन वाजला, तेव्हाही मी जोरात विचारलं, "काय आक्का, बरी आहेस का?" पलीकडून भाचीचा, वैशालीचा, आवाज आला. "मामा, हळू बोला. मी आहे. आई गेली…" झोपेतच हृदय बंद पडलं होतं. राजुरीला गेलो, सगळं पार पडलं, परत आलो. पण तेव्हापासून मन ठिकाणावर नाही. एक जुनी गोष्ट आहे, तिच्यात माझीही चूक आहे, आणि ती मी आक्कापाशी कधी कबूल केली नाही.

आक्का, म्हणजे हिराबाई, माझी थोरली बहीण. दाजींनी राजुरीत पिठाची गिरणी आणि शेजारी मिरची कांडायचं यंत्र टाकलं होतं. नव्वद सालानंतर दाजींचं अर्धं अंग लुळं पडलं आणि दोन्ही यंत्रं आक्काच्या हाती आली. पत्र्याची बंदिस्त खोली, त्यात लोखंडी मुसळं एकामागून एक आदळायची, आणि तो आवाज पत्र्यावर आपटून परत अंगावर यायचा. मी पाच मिनिटांत बाहेर पळायचो. उन्हाळ्यात आक्का मात्र आठ-आठ, दहा-दहा तास तिथं उभी असायची. संध्याकाळी तिच्या कानात रातकिडे किरकिरायचे. "सकाळपतुर जातंय," म्हणायची, आणि सुरुवातीला ते खरंच जायचं. काही वर्षांनी जाईनासं झालं. पुढं हाक मारली तर ती वळायची नाही, लोक म्हणायचे हिराबाईला माज आलाय. ऐकू येत नाही हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. एकट्या बाईचा धंदा, त्यात बहिरी म्हटल्यावर कोण येणार, ही तिची भीती. मग समोरचा काहीही बोलला तरी हसून "हा, हा" म्हणायची. आम्ही घरचे तरी काय वेगळे होतो… तिनं "काय?" म्हणून परत विचारलं की मीच कंटाळून "काही नाही, जाऊ दे" म्हणायचो.

वैशाली डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा जुन्नरकडचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं. मुलाची आई अगदी हळू, खाली बघून बोलणारी. चहा पुढं आला तेव्हा ती म्हणाली, "पोरीचं शिक्षान आता बास करू. लग्नानंतर घरच बघायचं. चालंल ना?" आक्का हसून म्हणाली, "हा, चालंल की." मी शेजारीच बसलो होतो. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. आक्कानं ऐकलं नाही, अशी शंकाही मनात येऊन गेली. पण जमत आलेलं स्थळ कशाला बिघडवा, म्हणून मी चहा पीत राहिलो.

पाहुणे गेल्यावर वैशाली रडत बाहेर आली. "मग मला कॉलेजात घातलंच कशाला?" आक्का नुसती तिच्या ओठांकडं बघत राहिली. मी कानाशी जाऊन सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असं इचारलं व्हतं? मला वाटलं, चहा कमी गोड चालंल का म्हन्त्यात…"

त्याच आठवड्यात तिला पुण्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी कागदावर गोगलगायीच्या शंखासारखं चित्र काढलं. आतल्या कानात असा शंख असतो, त्यात बारीक केसांच्या पेशी असतात, आवाजानं त्या हलतात म्हणून आपल्याला ऐकू येतं. वर्षानुवर्षं मोठा आवाज सोसला की त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. बोलणं कानावर पडतं, शब्द कळत नाहीत. आक्कानं मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजी मिरचीसंगं माजं कानबी कांडलं म्हना की."

कानाला यंत्र लावून थोडं ऐकू येईल, असं बाईंनी सांगितलं. पण आक्काच्या डोक्यात दुसरंच होतं. दोन दिवसांनी ती मला घेऊन पाहुण्यांच्या दारात उभी राहिली. "मला ऐकू येत न्हाई," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "त्या दिशी तुमी काय इचारलं ते मला कळलंच न्हाई. तो 'हा' माजा नव्हता. पोरगी शिकनार हाय."

मुलाची आई म्हणाली, "आधी सांगायचं व्हतं, बाई."

"व्हय. लाज वाटत व्हती."

स्थळ मोडलं. परतताना आळेफाट्याला एस.टी. थांबली होती, इंजिन घरघरत होतं. आक्कानं माझ्याकडं वळून विचारलं, "भाऊ, तुला तर ऐकू आलं व्हतं ना?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो, जणू त्या घरघरीत मला तिचं बोलणंच कळलं नव्हतं. तिनं परत विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढंही कधीच नाही.

वैशाली शिकली, शिक्षिका झाली, तिच्या पसंतीनं लग्न झालं. गेल्या आठवड्यात मला राहवेना म्हणून तिच्या शाळेत गेलो आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्यात हे सगळं सांगून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, "आईला माहीत होतं, मामा. म्हणायची, त्याला इचारू नगं, त्याला लागंल."

घंटा झाली, ती वर्गात गेली. माझा पाय निघेना. दारातून बघत राहिलो. ती फळ्यावर लिहीत होती, पण लिहिताना एक अक्षर बोलत नव्हती. लिहून झालं की खडू ठेवायची, मुलांकडं पूर्ण वळायची, शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना आपलं तोंड दिसतंय ना ते बघायची, आणि मगच बोलायला लागायची.