अकरा नंबरचा नळ

रानशेतच्या सुकीचं कुणाशी धड पटायचं नाही, आणि पटवून घ्यायची तिला हौसही नव्हती. चारोटी नाक्यावरच्या एका हॉटेलात ती खोल्या साफ करायची. चादरीवर सुरकुती दिसली तर शपथ; पण एखाद्या गिऱ्हाइकानं बेसिनमध्ये पानाची पिंक टाकली, की त्याच्या तोंडावर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मॅनेजर उमेशच्या डोळ्यांत ती पहिल्यापासून सलत होती. तिला काढायला त्याला निमित्त हवं होतं, आणि २०१७ च्या जत्रेनं ते आयतं आणून दिलं.

महालक्ष्मीच्या जत्रेला हॉटेल तुडुंब भरतं. अगदी टोकाची अकरा नंबरची खोली दिवाळीपासून कुलपात होती. एसी बिघडलेला, म्हणून कुणाला देत नव्हते. उमेशनं ती घाईघाईनं उघडून वलसाडच्या एका म्हाताऱ्या शेठला दिली. शेठ दोन दिवस शॉवरखाली मनसोक्त आंघोळ करून गेले आणि घरी पोचल्यावर न्यूमोनियानं अंथरुणाला खिळले. त्यांचा मुलगा फोनवरून कडाडला, "तमारा पाणीमां ज कंइ छे!" डॉक्टरांनाही पाण्याचाच संशय होता.

आता चूक कुणाची? खोली उघडताना ना टाकी धुतली, ना पाइप. वीज वाचवायला गीझर कोमट ठेवायचा हुकूमही उमेशचाच. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपल्याकडे जुनीच रीत आहे. सुकीच्या शेतावर तेव्हा भाताच्या रोपांसाठी राब भाजत होते. पालापाचोळ्याच्या धुरानं तिला खोकला लागला होता. उमेशनं तेवढंच धरलं. "हिच्या खोकल्यानं शेठ पडला," असं त्यानं मालकाच्या कानात भरलं. मग काय, रोज सुकीबरोबर जेवायला बसणारी, भांडी घासणारी भिकीसुद्धा ताट उचलून लांब जाऊन बसली. सुकीला खरा संताप आला तो या भिकीचा. उमेश काय, परकाच होता.

मालकानं पाणी तपासायला वापीच्या प्रयोगशाळेतून हर्षदा नावाची बाई बोलावली. पाण्यात जंतू निघाला तर सुकी सुटणार. नाही निघाला तर नोकरी जाणार, आणि रानशेतपर्यंत सगळीकडे आजार पसरवणारी बाई म्हणून तिचं नाव होणार. हे हॉटेलात प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि सुकीनं करावं काय? तिच्या घरी पाहुणा आला की हंड्यातलं रात्रीचं पाणी आधी ओतून टाकतात. शिळं पाणी पाहुण्याच्या हातात दिलं तर घराची नाचक्की. बाई पाणी न्यायला येणार म्हटल्यावर सुकी सकाळीच अकरा नंबरमध्ये शिरली. नळ सोडला, शॉवर सोडला, बराच वेळ पाणी वाहू दिलं, वर शॉवरची जाळी घासून चकचकीत केली. उमेश दारात उभा राहून बघत होता. नळांना कुणी हात लावू नका, असं हर्षदानं त्याला आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं. त्यानं तोंडातून चकार शब्द काढला नाही.

हर्षदा आली आणि ओली फरशी बघून थबकली. "नळ कुणी सोडला?"

"कुणी नाही, मॅडम," उमेश म्हणाला.

"मी सोडला की!" सुकी पुढे झाली. "शिळं पानी तुमाला कसं द्यायचं?"

हर्षदानं कपाळावर हात मारला. "अहो मावशी, मला शिळंच हवं होतं. हा जंतू पाइपात साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो, शॉवरच्या तुषारांबरोबर छातीत जातो. पहिलीच धार बाटलीत धरायची होती. माणसाच्या खोकल्यानं तो पसरत नाही हो!"

जे पाणी सुकीला सोडवणार होतं, ते तिनं आपल्या हातानं मोरीत घालवलं होतं. असा स्वतःचा राग तिला जन्मात आला नव्हता.

"खोली बंद ठेवा. मी पुन्हा येते," हर्षदा म्हणाली.

"पुन्हा नाही. मालकांनी एकदाच बोलावलंय," उमेशनं तोडून टाकलं. "आज मिळतंय ते न्या."

नळ आधी सोडला होता हे मी लिहीन, असं बजावून हर्षदानं बाटल्या भरल्या आणि ती गेली. अकरा नंबरला पुन्हा कुलूप लागलं.

दोनेक आठवड्यांनी अहवाल आला. उमेशनं मागच्या अंगणात सगळ्यांना गोळा केलं आणि शेवटची ओळ तेवढी वाचून दाखवली. "पाण्यात काही सापडलं नाही. म्हणजे घाण कुठून आली ते तुमचं तुम्हीच समजा. सुकी, चाव्या ठेव."

सुकीनं चाव्या ठेवल्या नाहीत. ती तरातरा अकरा नंबरकडे निघाली. मागोमाग सगळी माणसं, आणि ओरडत उमेश. तिनं कुलूप काढलं, पदर नाकातोंडावर घट्ट दाबला आणि शॉवर पुरता सोडून ती बाहेर आली.

"पानी साफ हाय ना, सायेब? मग जा, कर आंघोळ! मी टावेल घेऊन उभी हाय!"

पाण्याचे तुषार दारापर्यंत आले. उमेश टुणकन मागे सरला आणि त्यानं रुमाल नाकाला लावला. "बंद कर! बंद कर ते! मारायचंय का मला?"

सगळ्यांनी ऐकलं. पण पोट प्रत्येकाला आहे. सुकीनं चाव्या त्याच्या पायाशी फेकल्या आणि ती चालू पडली.

"भिकी, आत जाऊन नळ बंद कर," उमेश रुमालातूनच म्हणाला.

भिकी जागची हलली नाही. "तुमीच जा," ती म्हणाली.

सुकी फाटकातून बाहेर पडून हायवेला लागली, तरी आत कुणी गेलं नव्हतं.