उंटावरचा सर्जेराव

माझं पोस्टिंग दक्षिण सुदानमध्ये होतं. युएन मिशन. रोजची एस्कॉर्ट ड्यूटी, धान्याचे ट्रक पुढे आणि आमची गाडी मागे. मध्ये रजा मिळाली तेव्हा मी आणि माझा बडी, लान्सनायक सर्जेराव, कैरो बघून आलो.

परवा सिंगापुरात, मरीन परेडच्या एका महागड्या कॉन्डोत हेच सांगत होतो. तिथला निखिल माझ्या मुलाचा मित्र, बँकेत मोठा साहेब. मुलांच्या शाळेच्या सुट्टीत घरच्या सगळ्यांना कैरोला न्यायचं त्याने ठरवलंय. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही पाहिलंय ना, सांगा की."

सांगितलं. म्युझियमला सकाळी जा. बाजारात अत्तरवाला चहा पाजतो, पिऊ नका, मग सुटका नाही. आणि पिरॅमिडपाशी उंटावर चढू नका. चढायला फुकट, उतरायला पैसे. सर्जेराव चढला. मी फोटो काढला. उंटवाला काही केल्या उंट बसवेना, तर गड्याने वरूनच उडी ठोकली!

निखिल हसला. "म्हणजे मजाच की काका! सरकारी खर्चाने पिकनिक."

माझं डोकं सणकलं. मुलगा डोळ्यांनी खुणावत होता, गप्प बसा. का बसू?

"ऐक मग," म्हटलं. "कैरोहून परतल्यावर पहिलाच एस्कॉर्ट. पुलाजवळ एक ट्रक अडकला, मी बघायला उतरलो. झाडीतून फायर आला. माझ्या मांडीत गोळी. रस्त्यातच पडलो. रेडिओवर साहेबांची ऑर्डर आली, 'कोई नीचे नहीं उतरेगा. ओव्हर.' सर्जेरावने गाडीतून उडी मारली. मला ओढत आडोशाला आणलं. 'हवालदार, लई जड झालायसा,' म्हणाला. तेवढ्यात त्याच्या मानेत गोळी लागली. हेलिकॉप्टर आलं तेव्हा तो संपला होता. ही आमची पिकनिक."

"सॉरी काका, मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तर तोंड कशाला उघडलंस?"

जेवण न घेता उठलो. यिशुनला घरी परतताना एमआरटी ट्रेनमध्ये मुलगा म्हणाला, "बाबा, जरा जास्तच बोललात."

"कमीच बोललो."

सर्जेरावच्या घरी भिंतीवर त्याचा युनिफॉर्ममधला फोटो नाही. त्याच्या बायकोने तो उंटावरचाच लावलाय, हार घालून. "ह्यातच ते मनापासून हसतायत," म्हणाली. मला धड फोटो काढता येत नाही. मागचा पिरॅमिड अर्धा कापला गेलाय. सर्जेराव मात्र सगळा आलाय.