बटणाची वायर माझ्या मुठीत होती

कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बदलताना कॅबिनेटच्या बारीक वायरी कुठून काढल्या, याची खूण ठेवायला मी विसरलो. "रंगीत दोरे बांधून ठेवा," असं बायको, सुमन, सांगत होती. पण मी पडलो भूगोलाचा मास्तर... मला कशाला लागतोय नकाशा! असो. भुतंखेतं मी कधी मानली नाहीत, वर्गात पोरांनाही मानू दिली नाहीत. तरी हे लिहितोय.

गाव चाकूर. दुष्काळाचा उन्हाळा. लातूर फोडून उदगीर जिल्हा झाला तर आपण कुठं, यावर पारावर रोज भांडणं – पाणी मात्र कुठल्याच जिल्ह्यात नव्हतं. आमच्या गल्लीला चार दिवसांनी टँकर यायचा. कुणाची पाळी आधी, कुणाला किती घागरी, ही यादी माझे वडील, अण्णा, घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. (मी त्यावर फक्त पत्ते खेळायचो.) टँकरचा हॉर्न वाजला की अण्णा कॉम्प्युटरचं बटण दाबणार, यादी छापून दारात उभे राहणार. अण्णा गेले, आणि पंधरा दिवसांत कॉम्प्युटरही गेला – यादी आतच.

टँकरवाला नवा होता. म्हणाला, "यादी दावा मास्तर, न्हाईतर ज्याचा पाइप आधी त्याचं पानी." शेवटच्या घरातल्या राधाकाकूंना धड चालता येत नाही. दोनदा त्यांची घागर रिकामी परतली.

म्हणून लातूरहून तसलाच बोर्ड आणला. बसवला. बटण दाबलं... काही नाही. वायरी इकडच्या तिकडे केल्या, तिकडच्या इकडे. शेवटी वैतागून बटणाची वायरच उपसून काढली. काकू उंबऱ्यावर घागर घेऊन बसलेल्या.

"ऱ्हाऊ दे लेकरा, तुला न्हाई जमायचं."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला – आणि आतला पंखा फिरला. स्क्रीन उजळली. सकाळपासून लाइट गेली नव्हती, बटणाला कुणाचा हात लागला नव्हता. वायर तर माझ्या मुठीत!

यादी छापली. पहिलंच नाव काकूंचं, पुढे अण्णांची टीप: 'यायला वेळ लागतो. थांबावे.' टँकरवाला थांबला.

लातूरचा दुकानदार म्हणतो, धूळ असेल, शॉर्ट झालं असेल. असेल. पण नेमकं हॉर्नलाच? नंतर मी वायर काढून, अंगणात मोटारसायकलचा हॉर्न वाजवून कितीदा बघितलं. ढिम्म. कारण आजवर सापडलेलं नाही.

सुमन भाकरी थापता थापता म्हणाली, "अण्णा काकूंच्या पाण्यासाठी उठले. तुमच्या पत्त्यांसाठी कशाला उठतील?"