थोरल्यांची क्रोटनं

थोरले सकाळी स्वतःचं तोंड धुण्याआधी क्रोटनांची तोंडं धूत. ओलं फडकं घेऊन एकेक पान तळहातावर धरायचं आणि वरून हलक्या हातानं पुसायचं. पिवळ्या पानांवरचे हिरवे ठिपके, तांबड्या शिरा, वांग्यासारखी जांभळी पिळदार पानं असं सगळं धुळीतून वर यायचं आणि विहिरीच्या अंगाला कुणी लुगडी वाळत घातली आहेत असं वाटायचं. इस्लामपूरच्या बाजूचं आमचं गाव उसाचं. ज्याला फूल नाही, फळ नाही आणि ज्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, असं झाड जपणारा माणूस गावाला नवाच होता. गावानं त्यांना ‘रंगीत हवालदार’ करून टाकलं होतं.

ते माझे थोरले दीर. लढाई संपल्यावर पलटणीतून घरी आले ते पायात लचक आणि अंगात मुरलेला ताप घेऊन. लग्नाचं त्यांनी मनावर घेतलंच नाही. त्यांच्या येण्याची गोष्ट सासूबाई सांगत, ती ऐकण्यासारखी असे. “समद्या गावातली पोरं लढाईवरनं आली. कुणी कांबळी आणली, कुणी घड्याळ आणलं. आमच्या ह्यानं पेटी उघडली आन् आतनं काय काढलं? काटक्या!” सिलोनच्या किनाऱ्यावरच्या लष्करी दवाखान्यातून त्यांनी त्या आणल्या होत्या, ओल्या काथ्यात गुंडाळून. आणल्या त्यांतल्या बऱ्याच वाटेतच वाळल्या. उरल्या त्या त्यांनी विहिरीजवळ वाळूत खोचल्या.

मी त्या घरात नवी नवरी म्हणून आले तेव्हा झाडं गुडघ्याएवढी होती. माझे वडील मूळचे याच वाळवा भागातले, पण नोकरी रत्नागिरीकडच्या एका बंदरावर. त्यामुळे मी वाढले ती समुद्राजवळ. आमच्या तिकडं क्रोटन म्हणजे कुंपण. इथं दारातून आत येताना ती पानं दिसली आणि डोळ्यांत दाटलेलं पाणी तिथंच थांबलं.

धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर पदर सावरून बाजूला व्हायचं, बोलायचं नाही, ही घरची रीत. थोरले रीत मोडणारे नव्हते. पण एका दुपारी ते ओट्यावरून आत ओरडले, “आये, तिला इचार, समुद्राचा आवाज त्यांच्या घरात ऐकू येतो का.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “ऐकू येतो का म्हणतोय.”

“रात्री येतो म्हणावं. दिवसा माणसांच्या आवाजात बुडतो.”

“रात्री येतो म्हणती.” मग त्या दोघांवरही चिडल्या. “मधी नुसतं उंबऱ्याचं लाकूड हाय, आन् मी काय टपालवाली हाय व्हय?”

 बाहेर थोरले स्वतःशीच म्हणाले, “तितंबी रात्रीच येत हुता.”

त्या घरात समुद्र पाहिलेली माणसं आम्ही दोघंच. त्यानंतर आमचं बोलणं असंच चालायचं, सासूबाईंच्या नाही तर झाडांच्या मार्फत. एकदा माहेरच्या आठवणीनं मी स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहिले होते. बाहेर ते कुंडीतलं एक रोप उचलून उन्हात ठेवत होते. मला ऐकू जाईल अशा आवाजात रोपाला म्हणाले, “सावलीत जगशील गड्या, पण हिरवाच ऱ्हाशील. रंग उनातच चढतोय.” मी सूप घेतलं आणि बाहेर उन्हात येऊन बसले.

थंडीत झाडांचे हाल व्हायचे. कोरडा वारा सुटला की पानं गळायची. थोरले उसाच्या पाचटाचा आडोसा बांधत, सकाळी विहिरीचं ताजं कोमट पाणी घालत. “ह्यांना वलसर हवा पायजे. ती कुठनं आणू?” असं म्हणत खोडाशी बसून राहत.

मग एक साल माझ्या नवऱ्यानं नदीवर इंजन बसवलं. उसाला पाणी न्यायला पाट काढायचा होता आणि तो सरळ काढला तर नेमका क्रोटनांमधून जात होता. रात्रीची जेवणं चालली होती.

“दादा, पाट सरळच न्यावा लागंल. वाकडा नेला तर पाणी मुरतंय.”

“मग ने की. झाडंच हायत ती.” थोरले शांतपणे म्हणाले. पण त्यांच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

मी वाढत होते. मला राहवलं नाही. “थोडा वळवला तर नाही का चालणार? पाणी उशिरा पोचेल, एवढंच ना?”

सगळे जेवायचे थांबले. सासूबाई म्हणाल्या, “पदर घे डोईवर.” पदर डोक्यावरच होता.

थोरल्यांनी ताटावरची नजर उचलली नाही. भावाला म्हणाले, “ऐकलंस का रं? बंदरावरची माणसं हायत. पाण्यातलं त्यांस्नी कळतंय.”

माझा नवरा हसला आणि पाट वळला. गावाला पुढं कितीतरी दिवस हसायला विषय झाला. पण त्या वळणावर पाणी मुरायचं ते झाडांच्या भोवती, आणि तिथली हवा सदा ओलसर राहू लागली. झाडं बघता बघता खांद्याला लागली. दुपारी पाटाचं पाणी हलायचं, त्यात तांबडे-पिवळे रंग विरघळायचे, पुन्हा एकत्र यायचे. मी शेंगा सोलत तिथं बसले की आपण कुठल्या गावी आहोत हेच काही वेळ कळत नसे. पलीकडं थोरलेही तसेच बसलेले असत.

पहिल्या बाळंतपणाला मला माहेरी पोचवायचं होतं. गुऱ्हाळाचे दिवस होते, नवऱ्याला सवड नव्हती. म्हणून थोरले घेऊन गेले. घाट उतरला, खारा वारा लागला आणि ते मोटारीत सरळ होऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला वाट दाखवायला त्यांच्याबरोबर धाडलं. ते धोतर वर धरून पाण्यात उभे राहिले. मी मागं वाळूत. तोंड समुद्राकडं ठेवून ते बोलू लागले, आणि मधे कुणीच नव्हतं.

“दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटंवर इट्याकडचा एक पोरगा हुता. सोपान. दोन्ही डोळं गेलेलं. खिडकीभाईर ह्या झाडांचं कुंपण हुतं. रोज सकाळी इचारायचा, हवालदार, आज कसला रंग हाय? मी पयल्यांदा म्हनलं, तांबडा. त्यो म्हनला, तांबडा म्हंजी कसला? कुकवाचा का मिरचीचा? मग मी बघाय लागलो. त्येला सांगायसाठी बघाय शिकलो.” जरा थांबून म्हणाले, “त्यो गेला. मी फांद्या तोडून घेतल्या.”

 लाटा येत-जात राहिल्या.

ते गावी परतले. पावसाळ्यात त्यांचा जुना ताप उलटला आणि त्यातच ते गेले. मी मुलीला घेऊन सासरी आले तेव्हा सासूबाई माझी वाट बघत बसल्या होत्या. मुलीला मांडीवर घेतलं आणि पहिला प्रश्न केला, “दर्यावर गेला हुता न्हवं? काय बोलला गं त्यो?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, “मला का न्हाई बोलला कवा?”

“तुम्ही रडला असता, आत्याबाई.”

त्या रडल्या नाहीत. मुलीच्या अंगावरून हात फिरवत राहिल्या. “त्या सोपानाची आई आसंल का गं अजून?”

दिवाळीनंतर आम्ही विट्याकडं निघालो. सोपानचं घर विचारत विचारत एका वाडीत पोचलो. त्याची म्हातारी आई अजून होती. दारातच ज्वारी निवडत बसलेली. सासूबाईंनी वाटभर मांडीवर सांभाळून आणलेलं क्रोटनाचं रोप तिच्या पुढ्यात ठेवलं आणि शेजारी टेकल्या.

“तुमचं कोन पावनं?” म्हातारीनं विचारलं.

“आमची पोरं एका जागी हुती,” सासूबाई म्हणाल्या.

म्हातारीनं सूप बाजूला सारलं आणि आत सुनेला हाक मारली, “चा टाक गं. सोपानाकडची मानसं आल्याती.”