कोरी ओळ
शिक्क्याच्या शाईचा वास आला की जिंतूरकडचं आमचं गाव आठवतं. दुष्काळात गावाला हातपंप मिळणार होता. अर्जावर आमच्या बौद्धवस्तीचेही अंगठे हवे होते. वस्तीत मॅट्रिक झालेली मी एकटीच, म्हणून अर्ज घेऊन घरोघर फिरले. माझ्या मागोमाग सरपंच होते. शेजारच्या मावशीने विचारलं, "पंप आपल्याच वस्तीत बसणार हाय ना गं?" अर्जात जागेची ओळ कोरी होती. सरपंच म्हणाले, "ती मागून भरू. अंगठे न्हाईत तर पंपबी न्हाई." नाही म्हणावं तर पंप जाणार, हो म्हणावं तर खोटं. मी "हो मावशी" म्हणाले आणि तिचा अंगठा टेकवला. पंप सरपंचांच्या दारात बसला. तिथं आम्हाला पाणी भरू देत नसत. रिकामी घागर घेऊन मावशी म्हणाली, "तू तर वाचलं व्हतंस ना, पोरी?" आज लोकांचे अर्ज भरताना मी जागा आधी लिहिते. मावशीला उत्तर द्यायचं मात्र राहूनच गेलं.