बोरी अरबचे दोन सोमवार

हे मी आजवर कोणापाशीच बोलली नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. तुमच्यापाशी काहून बोलून राह्यली — मलेच माहीत नाही.

मी नर्स. यवतमाळच्या एका दवाखान्यासाठी गावोगाव जाऊन जखमा मोजायची — अंथरुणाला खिळलेल्या माणसाले पडून पडून होतात त्या. जखमेवर पारदर्शक प्लास्टिक ठेवायचं, पेनानं कड गिरवायची, मग आलेखाच्या कागदावर चौकोन मोजायचे. दर सोमवारी, पट्टी बदलताना. डॉक्टर त्या आकड्यांची रेघ काढत. रेघ खाली चालली म्हणजे जखम भरून राह्यली. दोन हप्ते अडली, की माणसाले दवाखान्यात बोलवायचं.

बोरी अरब गावचे शंकरभाऊ झाडावरून पडून कमरेखाली लुळे झालते. सायकलीचं दुकान होतं त्यांचं. म्हणत, "जखम भरू द्या सिस्टर, खुर्चीत बसून पंक्चर काढतो का नाही पाहा!" त्यांची बायको सुमनताई दर दोन तासांनी त्यांची कूस बदले आणि भिंतीवर खडूनं एक रेघ मारे. जखमेचा आकडा कसा उतरत होता, बाप्पा!

आणि मग दोन सोमवार मी गेलीच नाही. आजारी होती? नाही. बस नव्हती? होती ना! मले त्या जखमेच्या वासाचा कंटाळा आलता — बस, एवढंच. घरी बसून फूटपट्टी घेतली, जुनी रेघ पुढं ओढली, आणि रेघेवरून आकडे काढले. अठ्ठावीस चौकोन. मग चोवीस. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुमचे आकडे सगळ्यांत नीट असतात." खरी जखम कधी एवढी सरळ चालते का? मले माहीत होतं. तरी मी हसली.

त्यातच सुमनताईचा फोन आलता. "पट्टी लय भिजून राह्यली, सिस्टर." मी म्हटलं, "घाबरू नका, रेघ खाली चालली."

तिसऱ्या सोमवारी गेली, पट्टी सोडली, तर आत हाड दिसत होतं. शंकरभाऊ वाचले. पण खुर्चीत बसणं कायमचं गेलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सुमनताईनं माहा हात धरला. "कागदावर तं भरून राह्यलती न? मंग मीच झोपली असन एखाद्या पाळीले."

बोलायची वेळ तीच होती. मी म्हटलं, "होते असं कधी कधी, ताई."

ती अजूनही सगळ्यांले तेच सांगते — माह्या झोपेनं त्यांची खुर्ची गेली. त्या तीन हप्त्यांच्या खडूच्या रेघा मी तिसऱ्या सोमवारीच भिंतीवर मोजल्या होत्या. एकही कमी नव्हती.