चिनी नावासाठी कर्जतच्या आत्याकडे

शनिवारी सकाळी पाठीवर पिशवी अडकवली तेव्हा आईने विचारलं, कुठे निघालीस. म्हटलं, कर्जतला, आत्याकडे. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

कारण सांगते. मी चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे आणि तिथल्या चिनी पुरवठादारांशी बोलता यावं म्हणून वर्षभर चिनी शिकतेय. आमच्या वर्गाच्या बाई बरीच वर्षं चीनमध्ये राहिलेल्या. त्यांनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत प्रत्येकाने चिनी नाव ठरवायचं आणि ते खऱ्या माणसाचं वाटलं पाहिजे. आधी आडनाव, बहुतेक एकाच अक्षराचं, मग एक-दोन अक्षरांचं नाव. माझ्या ‘स्नेहल’चे उच्चार ओढूनताणून बसवले तर ते परदेशी औषधासारखं ऐकू येतं. महिन्याभरात मी सात नावं बदलली. मोबाईलने सुचवलेल्या एकाचा अर्थ ‘सुंदर’ होता. बाई शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे तू स्वतःची ओळख सुंदराबाई अशी करून देणार.”

तेव्हापासून चैन नव्हतं. जेवताना, मीटिंगमध्ये, सिग्नलला, सगळीकडे मी अक्षरं जुळवत होते. मग आठवलं, आपल्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. मला आत्या एकच. तिने बारशाला ठेवलेलं माझं नाव बाबांनी शाळेत घालताना बदललं, तिला न विचारता. त्यानंतर ती पुण्याच्या आमच्या घरी आलेली नाही.

कर्जत म्हणजे मुंबईजवळचं नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. स्वारगेटहून सोलापूर रस्त्याने भिगवण, तिथून डावीकडे राशीन आणि पुढे कर्जत. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट, पण थेट गाड्या कमी, म्हणून सकाळी लवकर निघा. राशीनच्या देवळातली दीपमाळ हलवली की डोलते. बघण्यासारखी आहे म्हणतात. मी थांबले नाही. पुढची जीप भरत आली होती आणि मला कुठेच उभं राहवत नव्हतं. तुम्ही थांबा. कर्जतच्या स्टँडसमोर भाकरी आणि झणझणीत शिपी आमटी मिळाली. डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी वाटी घेतली.

आत्याची वस्ती गावाबाहेर आहे. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्यापर्यंत आलेली. तिने पाणी दिलं, बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि हुरड्यासाठी आगटी पेटवली. मी लगेच विषय काढला. चिनी माणसं, आडनाव, सोमवार, सगळं एका दमात सांगितलं आणि म्हटलं, तूच ठेव.

ती कणसं निखाऱ्यात फिरवत राहिली. मग म्हणाली, “एक ठिवलं हुतं. तुज्या बापाला ते गावंढळ वाटलं. पावन्यांम्होरं बोलला तसं. आता दुसरं कुठून आनू?”

मी उठून बांधावर गेले, परत आले, पुन्हा गेले. सहा वर्षांची होते मी तेव्हा, आणि घरात सगळे मला बाळच म्हणायचे. पण पुढच्या चोवीस वर्षांत एकदाही तिला विचारलं नव्हतं की तू ठेवलेलं नाव काय होतं. परत येऊन तेच विचारलं.

“सुगी,” ती म्हणाली. “तू झालीस तवा खळं चालू हुतं. घरात दानं आलं आन तू आलीस.”

मी तिला म्हटलं, माझं चुकलं, इतकी वर्षं मी विचारलंच नाही. तिने गरम कणीस तळहातावर चोळून हुरडा माझ्या ओंजळीत टाकला.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, चिनी कसं लिहितात ते दाव. मी काडीने मातीत सुगीला जुळणारं एक चिनी आडनाव काढलं, 田. थ्येन. ती वाकून बघत राहिली.

“हे वावरच हाय की. मधी बांध घातल्यात.”

म्हटलं, व्हय, अर्थही शेतच. पुढे धान्याचं भरलेलं कणीस, त्याला म्हणतात स्वेइ. हे दुसरं अक्षर लई किचकट होतं, मी दोनदा चुकले. आत्या पुटपुटली, “थेन सुई.” मग म्हणाली, “चालंल. पन हाक कोन मारनार?”

रविवारी तिने पीठ, शेंगा आणि हुरडा बांधून दिला. जीप येईपर्यंत रस्त्यावर उभी राहिली.

सोमवारी बाईंनी थ्येन स्वेइ दोनदा मोठ्याने वाचलं. म्हणाल्या, अशा नावाची बाई तिकडच्या कुठल्याही गावात भेटेल, फक्त दुसरा उच्चार वरून खाली झटकून कर. हजेरीत नाव आलं तेव्हा मी दचकून ‘हजर’ म्हटलं, तेही मराठीत.

नाव तर मिळालं. पण त्या संध्याकाळी चिनी गिरवायला बसले तरी लक्ष लागेना. शेवटी बाबांसमोर जाऊन बसले आणि आत्या जे बोलली ते जसंच्या तसं सांगितलं, पाहुण्यांसमोरचंही. त्यांनी मध्येच तोडलं नाही. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग मोबाईल उचलला आणि गॅलरीत गेले. दार अर्धवट उघडं होतं.

“अक्का, मी बोलतोय,” ते म्हणाले. “आपली सुगी येऊन गेली ना तिकडं?”